प्रश्न सुटतात, पेपर सुटत नाही : गेटची संगणकशास्त्राची तयारी, बडोद्याहून

सुरसागरकाठी | १४ सप्टेंबर, रात्री ११:४२

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी दांडिया बाजारातला. शेवटच्या वर्षाला असताना गेट (एम.टेक.च्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा) दिली तेव्हा ३१ मार्क पडले. तयारीच नव्हती, म्हणून मनावर घेतलं नाही. आता बी.ई. होऊन वर्ष झालं, नोकरी न धरता घरी बसून पुन्हा देतोय. बाबा काही बोलत नाहीत, फक्त रोज जेवताना आमच्या पोळेतल्या (गल्लीतल्या) कुणाच्या तरी मुलाला नोकरी कुठे लागली ते सांगतात.

अडचण अशी आहे. मागच्या वर्षांचे प्रश्न विषयवार लावलेलं एक जाडजूड पुस्तक आहे, ते जवळजवळ संपवलं. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, सगळं. धड्यामागचे दहा प्रश्न घेतले तर आठ बरोबर येतात. वहीत हिशेब ठेवलाय, साडेतेराशे प्रश्न झाले. आणि पूर्ण सराव पेपर द्यायला बसलो की ४१, ३८, ४३. वेळ कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही, शेवटची दहा मिनिटं हातावर हात ठेवून बसलेलो असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास. १५ मार्क जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, बाकी गणित आणि आपला विषय.

आणखी किती प्रश्न करू? दुसरं पुस्तक घेऊ? की क्लासच लावू?


लिलोचिवडा | १५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

साडेतेराशे काहीच नाहीत भावा. मी तीन हजारांच्या वर केले होते. हात बसला पाहिजे. दुसरं पुस्तक घे आणि रोज साठचा कोटा ठेव, मोजून. बाकी सगळी बडबड आहे.


निझामपुऱ्याची ताई | १५ सप्टेंबर, दुपारी १:२५

पुस्तक घ्यायच्या आधी एक काम कर. सराव पेपरात चुकलेला एक प्रश्न इथे टाक. तू काय उत्तर दिलंस आणि देताना डोक्यात काय चाललं होतं तेही लिही. बरोबर उत्तर टाकू नकोस.

(मी गेट देऊन एम.टेक. केलं, आता शिकवते. त्यामुळे माझ्या बोलण्यात मास्तरकी येणार, ती आधीच कबूल करून टाकते.)


सुरसागरकाठी | १५ सप्टेंबर, दुपारी ३:०२

ताई, हा घ्या. सी मधली एक ओळ आहे:

इफ (फोर्क() && फोर्क()) फोर्क();

(प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. फोर्क त्याची हुबेहूब दुसरी प्रत काढतो. मधलं चिन्ह म्हणजे ‘आणि’.) मूळची धरून एकूण प्रोसेस किती? मी ८ लिहिलं. डोक्यात हे होतं की फोर्क तीन वेळा आहे, दोनाचा तिसरा घात, आठ. दहा सेकंदांत उत्तर दिलं आणि खूशही झालो.


एक_फ्रेम_जास्त | १५ सप्टेंबर, दुपारी ३:०९

चार.


पाणीगेट_एमसीए | १५ सप्टेंबर, दुपारी ३:४०

मीही आठच म्हटलं असतं. चार कसे? (नवीन आहे इथे, मीही पुढच्या वर्षी देणार आहे.)


निझामपुऱ्याची ताई | १५ सप्टेंबर, रात्री ९:१५

झाड काढा कागदावर. मूळ प्रोसेसला आपण आई म्हणू. पहिला फोर्क झाला की दोघी झाल्या: आईच्या हातात मुलीचा नंबर येतो, म्हणजे शून्य नाही, आणि मुलीच्या हातात शून्य. आता && ची खोड अशी की डावीकडे शून्य, म्हणजे खोटं, आलं तर तो उजवीकडे बघतच नाही. म्हणजे पहिली मुलगी दुसऱ्या फोर्कपर्यंत पोचतच नाही, अट खोटी ठरली आणि ती बाहेर. आई पुढे जाते, दुसरा फोर्क करते. त्या दुसऱ्या मुलीच्या हातातही शून्य, तिची अटही खोटी. तिसरा फोर्क करणारी एकटी आई. आई आणि तीन मुली, चार.

आता मला सांग, तुझ्या पुस्तकात फोर्क कुठल्या धड्यात आहे आणि && चं अर्धवट बघणं कुठल्या?


सुरसागरकाठी | १५ सप्टेंबर, रात्री ९:३१

फोर्क ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, प्रोसेसच्या धड्यात. && सी प्रोग्रामिंगमध्ये, पाचशे पानं अलीकडे. आणि ताई, दोन्ही धड्यांतले असे प्रश्न माझे बरोबर आलेले आहेत. आत्ता वही बघितली.


निझामपुऱ्याची ताई | १५ सप्टेंबर, रात्री १०:०५

तेच. तुला फोर्क येतो, && ही येतो. पण वर धड्याचं नाव छापलेलं असलं की तुझ्या हातात किल्ली आधीच आलेली असते, तू फक्त कुलूप उघडतोस. ‘सेट असोसिएटिव्ह कॅश’ असं मथळ्यात वाचून खालचे दहा प्रश्न सोडवणं आणि तेच प्रश्न लिनिअर अल्जेब्रा आणि कंपायलरच्या मध्ये अचानक समोर येणं, ही कामं वेगळी. पेपरात पहिलं काम असतं हा प्रश्न कशाचा आहे हे ओळखणं. साडेतेराशे प्रश्नांत तू ते एकदाही केलं नाहीस, पुस्तकाने तुझ्यासाठी केलं.

पटत नसेल तर चुकलेला आणखी एक टाक.


सुरसागरकाठी | १६ सप्टेंबर, सकाळी ७:५०

रात्री झोप नाही आली ते वाचून.

दुसरा: कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) १६ किलोबाइट, ब्लॉक ६४ बाइट, ४-वे सेट असोसिएटिव्ह (म्हणजे एका सेटमध्ये चार ब्लॉक), पत्ता ३२ बिटांचा. टॅग, म्हणजे इंडेक्स आणि ऑफसेट वजा जाता पत्त्याचा उरलेला भाग, किती बिट? मी १८ दिलं. १६ किलोबाइट भागिले ६४ म्हणजे २५६ ब्लॉक, त्याला ८ बिट, ऑफसेटला ६, उरले १८. आता बघतोय तर ४-वे हा शब्द मी वाचलाच नव्हता. २५६ भागिले ४ म्हणजे ६४ सेट, इंडेक्सला ६, टॅग २०. पुस्तकात त्या धड्यातले सगळे प्रश्न असोसिएटिव्हच होते, वाचायची गरजच पडली नव्हती.


लिलोचिवडा | १६ सप्टेंबर, सकाळी ९:२०

ही नुसती घाई आहे. हात बसला की घाई जाते.


एक_फ्रेम_जास्त | १६ सप्टेंबर, सकाळी ९:४४

चिवडा, हात बसल्यामुळेच तर घाई झाली. दोनाचा तिसरा घात त्याच्या बोटांतूनच आला, डोक्यापर्यंत गेलाच नाही. (हलके घ्या.)


अकोट्याचे काका | १६ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी कलाभवनचा (बडोद्याचं जुनं तंत्रशिक्षणाचं कॉलेज) मेकॅनिकलवाला, तोही स्लाइड रूलच्या काळातला. पण निझामपुऱ्याच्या ताईंचं म्हणणं थेट कळलं. आमच्या वर्कशॉपात एक मास्तर होते. ते बिघडलेलं मशीन दाखवायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे नाहीत. आम्ही वैतागायचो. पुढे कारखान्यात लागलो तेव्हा कळलं की मशीनवर ‘आज माझं बेअरिंग गेलंय’ अशी पाटी नसते.

अवांतर: कलाभवन १८९० सालचं आहे हे हल्लीच्या मुलांना माहीत तरी असतं का? सयाजीराव महाराजांनी काढलं तेव्हा विद्यापीठ व्हायला अजून ५९ वर्षं होती. दादासाहेब फाळकेही तिथे शिकून गेले. असो.


सुरसागरकाठी | १६ सप्टेंबर, दुपारी १२:१५

काका, माहीत आहे, घरापासून चालत जाण्यासारखं आहे. :)

ताई, मग आता करू काय? साडेतेराशे प्रश्न तर संपले. तेच पुन्हा?


निझामपुऱ्याची ताई | १६ सप्टेंबर, रात्री ८:४०

तेच पुन्हा, पण पत्त्यांसारखे पिसून. प्रत्येक विषयातले वीस-पंचवीस निवड, निम्मे चुकलेले आणि निम्मे ‘बरोबर आले पण का ते सांगता येणार नाही’ असे. चिठ्ठ्या कर. चिठ्ठीवर विषयाचं नाव नको, धड्याचं नको, वर्षही नको, नुसता प्रश्न. सगळ्या एका डब्यात टाक आणि हाताला येईल ती काढ. सोडवायला घेण्याआधी मोठ्याने म्हणायचं की हा प्रश्न कशाचा आहे आणि यात खोच कुठे असू शकेल. ते म्हणता आलं नाही तर पेन उचलायचं नाही.

आणि मागे उत्तर लिहिणार असशील तर स्वतःचं लिहू नकोस. गेटची अधिकृत उत्तरतालिका असते, तिच्यातलं बघून लिही.


पाणीगेट_एमसीए | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

मधेच घुसते, माफ करा. एका प्रश्नावरून मैत्रिणीशी भांडण झालंय. सहाने भाग जाणाऱ्या बायनरी संख्या ओळखणारा डीएफए (एकेक अंक वाचत एका स्टेटमधून दुसऱ्या स्टेटमध्ये जाणारं आणि शेवटी स्वीकारायचं की नाही ते ठरवणारं कागदावरचं यंत्र), सर्वांत कमी स्टेट किती? मी म्हणते ६, ती म्हणते ४.


लिलोचिवडा | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३५

६. एनने भाग जायचा असेल तर एन स्टेट, बाकी शून्य ते पाच. पाठच आहे.


सुरसागरकाठी | १८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

मीही ६.


निझामपुऱ्याची ताई | १८ सप्टेंबर, रात्री ९:००

मैत्रिणीला माझ्याकडून सेव उसळ. :)

बाक्या मांडा. आत्तापर्यंतची बाकी आर असेल आणि पुढे ० आला तर नवी बाकी दोन आर, १ आला तर दोन आर अधिक एक, दोन्ही सहाने भागून. मग ० वरून ० आणि १ कडे. १ वरून २ आणि ३ कडे. २ वरून ४ आणि ५ कडे. ३ वरून पुन्हा ० आणि १ कडे. ४ वरून २ आणि ३ कडे. ५ वरून ४ आणि ५ कडे.

आता जोड्या बघा. १ आणि ४ एकाच ठिकाणी जातात, दोन्ही न स्वीकारणाऱ्या, एकच करून टाका. २ आणि ५ चंही तेच. ० आणि ३ सुद्धा एकाच ठिकाणी जातात, पण ० स्वीकारणारी आणि ३ नाही, त्या एक होत नाहीत. उरल्या चार. ‘सर्वांत कमी’ हे दोन शब्द प्रश्नात उगाच नव्हते.


लिलोचिवडा | १८ सप्टेंबर, रात्री ९:२२

मान्य. पण मग ३ ला ३ आणि ५ ला ५ कसे बरोबर येतात? माझा नियम कधीच चुकला नव्हता.


एक_फ्रेम_जास्त | १८ सप्टेंबर, रात्री ९:३७

कारण विषम संख्येला तो बरोबरच आहे. सम असेल तर आधी दोनाचे घटक बाहेर काढायचे. ६ म्हणजे दोन गुणिले तीन: विषम भाग ३, दोन एकदा, ३ अधिक १ चार. १२ ला ३ अधिक २, पाच. ८ ला १ अधिक ३, चार. तीन हजार प्रश्नांत तुला एकही सम भेटला नाही म्हणायचा!


लिलोचिवडा | १८ सप्टेंबर, रात्री ९:४०

भेटला असेल. उत्तर चुकलं म्हणून पुढे गेलो असेन.


सुरसागरकाठी | २९ सप्टेंबर, रात्री १०:१८

डबा झाला. आजीचा जुना चकल्यांचा स्टीलचा डबा, २४० चिठ्ठ्या. कापायला तीन दिवस गेले, आईला वाटलं मुलाने अभ्यास सोडून भिशी चालू केली.

चिठ्ठी आजी काढते. दिवे लागले की ती माळ घेऊन बसते, तिने एक चिठ्ठी काढून द्यायची आणि मी सोडवायची, अशा वीस. मोबाइलवर वेळ लावत होतो तर ती म्हणाली, ते वाजणारं बंद कर, माझी एक माळ होईपर्यंत तुझं झालं पाहिजे. मोजलं. आजीची एक माळ तीन मिनिटं दहा सेकंद. पेपरात १८० मिनिटं भागिले ६५ म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटं शेहेचाळीस सेकंद. आजीला थोडी घाई करायला सांगावं लागणार.

पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ. घरचंच पुस्तक, एकदा सोडवलेले प्रश्न, आणि नऊ!


अकोट्याचे काका | ३० सप्टेंबर, सकाळी ७:१५

आजींना घाई करायला सांगू नकोस. तूच २४ सेकंद कमी कर.


पाणीगेट_एमसीए | २ ऑक्टोबर, दुपारी ४:४४

काय चुकलं ते पण लिही ना. आम्हाला तेवढंच फुकटात.


सुरसागरकाठी | ३ ऑक्टोबर, रात्री ११:०५

डेटाबेसची एक चिठ्ठी: आर हे टेबल, ए, बी, सी, डी हे त्याचे रकाने (अ‍ॅट्रिब्यूट). ए वरून बी ठरतो, बी वरून सी, सी वरून ए. अनेक पर्याय बरोबर असू शकतात तसला प्रश्न. मी कँडिडेट की (सगळे रकाने ठरवणारा लहानात लहान गट) फक्त ‘ए डी’ काढली आणि थर्ड नॉर्मल फॉर्म (टेबल नीट मांडलंय का याची एक कसोटी) नाही असं ठोकलं. डी कशाच्याच उजवीकडे येत नाही म्हणजे तो प्रत्येक कीमध्ये हवाच, तेवढं जमलं. पण ए, बी, सी एकमेकांना फिरून मिळतात, म्हणजे ‘बी डी’ आणि ‘सी डी’ सुद्धा की. चारही अ‍ॅट्रिब्यूट कुठल्या ना कुठल्या कीमध्ये बसली, म्हणून थर्ड नॉर्मल फॉर्म आहे. बीसीएनएफ (त्याहून कडक कसोटी) नाही, कारण एकटा ए सुपर की नाही, म्हणजे त्याच्यावरून सगळे रकाने ठरत नाहीत. एक की सापडली की मी थांबतो, ही माझी खोड. विषयवार सोडवताना ती कधीच दिसली नव्हती, कारण तिथे प्रश्नातच ‘किती कँडिडेट की’ असं विचारलेलं असायचं.

या प्रकारात चूक झाली तर मार्क कापत नाहीत, पण तीन बरोबर पर्यायांपैकी दोन टिकवले तरी शून्यच. अर्धे मार्क नाहीत. सराव पेपरांत माझे जास्तीत जास्त मार्क इथेच जातात.


एक_फ्रेम_जास्त | ४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मार्क कापण्यावरून आठवलं. तो शेवटची दहा मिनिटं हातावर हात ठेवून बसतो म्हणाला होता, ते मला तेव्हाच खटकलं. एकच पर्याय बरोबर असतो त्या प्रश्नांत एका मार्काला एक तृतीयांश कापतात, दोन मार्कांना दोन तृतीयांश. डोळे मिटून चारातला एक टिकवला तर हिशेब बरोबर शून्यावर येतो: पाव वेळा एक मार्क मिळाला, पाऊण वेळा एक तृतीयांश गेला, पाव वजा पाव. पण एक पर्याय नक्की खोटा आहे हे कळलं, तर तीनातून एक निवडताना सरासरीने एक नवमांश मार्क खिशात. दोन पर्याय उडवले तर एक तृतीयांश. जिथे आकडा टाइप करायचा असतो तिथे तर चुकीला काही कापतच नाहीत, ते कोरे सोडून उठणारा माणूस म्हणजे कमालच.

म्हणजे अंदाजाने ठोका असं नाही म्हणत. एक पर्याय उडवता येतो का ते बघा, एवढंच.


निझामपुऱ्याची ताई | ४ ऑक्टोबर, दुपारी २:१०

+१. फक्त ‘नक्की खोटा आहे’ आणि ‘खोटा वाटतो’ यात फरक आहे. माझे विद्यार्थी हमखास दुसऱ्यावर पैसे लावतात.

आणखी एक बारीक गोष्ट. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा असतो, माउसने बटणं दाबायची, स्वतःचा नेता येत नाही. घरी खिशातला कॅल्क्युलेटर वापरून सराव केलेल्यांची तिथे तारांबळ उडते. आत्तापासून स्क्रीनवरचाच वापर.


अकोट्याचे काका | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:००

एक_फ्रेम_जास्त, हे नाव काय आहे तुमचं? इतके दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो.


एक_फ्रेम_जास्त | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१२

काका, मजेशीर गोष्ट आहे. संगणकाच्या मेमरीत पानं ठेवायला चौकटी असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. हवं ते पान आत नसलं की बाहेरून आणावं लागतं, त्याला पेज फॉल्ट म्हणायचं. जागा भरली की सर्वांत आधी आलेलं पान सर्वांत आधी बाहेर, ती फिफो पद्धत. आता सांगा, फ्रेम वाढवल्या तर फॉल्ट कमी होतील की जास्त?


अकोट्याचे काका | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:३०

कमी. विचारायचं काय त्यात? कपाट मोठं केलं तर माळ्यावर चढायला कमी लागणार.


एक_फ्रेम_जास्त | ११ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४१

मग हे कागदावर करून बघा. पानं या क्रमाने मागतात: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. एकदा तीन फ्रेम घेऊन करा, एकदा चार. उत्तर मी सांगत नाही.


अकोट्याचे काका | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

तिनाला ९, चाराला १०. तीन वेळा केलं. हिने चहा दोनदा गरम केला. हे असं कसं?


निझामपुऱ्याची ताई | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

काका, तुम्हाला दंडवत. माझ्या वर्गात निम्मी मुलं कागद न उचलता ‘कमी होतील’ म्हणून मोकळी होतात.

चार फ्रेमच्या वेळी ५ आला तिथे बघा. सर्वांत जुना १, त्याला हाकललं. लगेच पुढची मागणी १ चीच. त्याच्यासाठी २ ला हाकललं, लगेच २ हवा. मग ३ गेला, लगेच ३ हवा. जो नुकताच दाराबाहेर काढला तोच परत दार वाजवतोय. लास्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६९ साली दाखवलं, म्हणून त्याला बेलाडीची विसंगती म्हणतात. हाच क्रम एलआरयूने करा, म्हणजे ज्याचं काम सर्वांत जास्त वेळ पडलं नाही त्याला काढायचं. तिथे तीन फ्रेमला १० आणि चाराला ८. एलआरयूत असा उलटा प्रकार कधीच होत नाही, कारण तीन फ्रेममध्ये जी पानं असतात ती चार फ्रेममध्ये असतातच.

सुरसागर, हा प्रश्न डब्यात आहे का?


सुरसागरकाठी | १३ ऑक्टोबर, रात्री १२:३५

आहे. मला ९ आणि १० तोंडपाठ होते, का ते आज कळलं. म्हणजे काकांच्या मागे आहे मी.

(आत्ताच गरबा बघून आलो. खेळलो नाही, नुसता बघितला. शपथ.)


लिलोचिवडा | २० नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. दिवाळीनंतर कुठवर आलंय?

आणि एक कबुली. मीही चिठ्ठ्या केल्या. नेटवर्क आणि लिनिअर अल्जेब्राच्या आकडेमोडीला मात्र माझंच खरं: तिथे एकाच प्रकारची पन्नास गणितं लागोपाठ घासल्याशिवाय वेग येत नाही. आयगेन व्हॅल्यू काढताना विचार करत बसलो तर पेपर संपेल.


निझामपुऱ्याची ताई | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

आकडेमोडीपुरतं बाडिस (सहमत). आधी घासायचं, मग डब्यात टाकायचं.


सुरसागरकाठी | २३ नोव्हेंबर, रात्री ११:५०

कालचा सराव पेपर ५२. त्याआधीचा ४९. डब्यातून वीसपैकी पंधरा-सोळा येतात आता. जुन्या चिठ्ठ्या पाठ व्हायला लागल्या म्हणून शंभर नव्या टाकल्या, त्यातल्या काही मी स्वतःच आकडे बदलून बनवल्यात. त्यांची उत्तरतालिका अर्थातच माझीच.

आजी आता चिठ्ठी काढताना विचारते, आज ‘फ्रेम’वाली येऊ दे का?


पाणीगेट_एमसीए | १३ जानेवारी, रात्री ९:०५

उद्या उत्तरायण. परीक्षेला जेमतेम महिना. सगळ्यांच्या गच्चीवर स्पीकर लागलेत, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या आतापासूनच चालू. सुरसागर, तू काय करणार आहेस?


सुरसागरकाठी | १३ जानेवारी, रात्री ९:४०

उद्या गच्ची, परवा वासी उत्तरायणला डबा. उंधियू-जिलेबीवर तडजोड नाही. बाबाच म्हणाले की वर चल. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या मुलाचं नाव घेतलं नाही.


अकोट्याचे काका | १५ जानेवारी, सकाळी ८:३०

मांजाने बोट कापून घेऊ नकोस. माउस धरायचाय.


सुरसागरकाठी | २७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१०

पेपर झाला हे वेगळं सांगायला नको. उत्तरपत्रिका आणि उत्तरतालिका दोन्ही आल्या, ताडून बघितलं तर ५६.६७ होतायत. दोन सत्रांत परीक्षा होते, त्यामुळे नॉर्मलायझेशननंतर थोडंफार इकडेतिकडे होईल. मला हवं तिथे पोचायला हे पुरेल की नाही, ते निकाल लागल्यावर. नाही पुरलं तरी हा स्कोअर तीन वर्षं चालतो, मधे नोकरी बघीन. बाबांना तसं सांगितलंय.

कुठे गेले ते सांगतो, तेच उपयोगाचं. अनेक पर्यायांच्या दोन प्रश्नांत पुन्हा एकेक पर्याय कमी टिकवला. कंपायलरचा एक सोपा प्रश्न वाचलाच नाही, पान पुढे गेलं आणि परत आलो नाही. आकडा टाइप करायचा एक प्रश्न दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत मागितला होता, मी पूर्णांक टाकून मोकळा. पण ‘हा कशाचा प्रश्न आहे’ म्हणून अडलो असा एकच.

ताई, भेटून पेढे द्यायचेत, निकालाची वाट न बघता. पाणीगेट, डबा तुला. ३४० चिठ्ठ्या आहेत. आजीचा अभिप्राय असा की मुलगी असेल तर चकल्या घालून देते, नुसता डबा देऊ नये.


पाणीगेट_एमसीए | ८ मार्च, रात्री १०:२५

डबा मिळाला, चकल्या संपल्या. आजींना नमस्कार सांग.

एक चिठ्ठी अडलीय. तुझ्या अक्षरातली आहे: लिंक १ मेगाबिट प्रति सेकंद, फ्रेम (इथे पाठवायच्या डेटाचा एक तुकडा) १००० बिट, एका बाजूचा विलंब २५ मिलिसेकंद, सिलेक्टिव्ह रिपीट (हरवलेली फ्रेम तेवढीच पुन्हा पाठवायची), लिंक सतत भरलेली हवी, तर सिक्वेन्स नंबरला कमीत कमी किती बिट? मागे तू ६ लिहिलंयस. माझं उत्तर ७ येतंय. फ्रेम पाठवायला १ मिलिसेकंद, जाऊन यायला ५०, म्हणजे विंडो (पोच यायच्या आधी पाठवता येणाऱ्या फ्रेम) ५१. ६ हे गो-बॅक-एनला (हरवलेल्या फ्रेमपासून पुढचं सगळं पुन्हा पाठवायचं) होईल, तिथे ५२ नंबर पुरतात आणि ६ बिटांत ६४ मिळतात. सिलेक्टिव्ह रिपीटला पाठवणाऱ्याची ५१ आणि घेणाऱ्याची ५१ मिळून १०२ लागतील ना?


सुरसागरकाठी | ८ मार्च, रात्री १०:५८

७च. चार महिने ती चिठ्ठी दर आठवड्याला निघायची आणि दर वेळी मी ६ म्हणून आजीला सांगायचो, बरोबर आलं.


निझामपुऱ्याची ताई | ८ मार्च, रात्री ११:०४

मागे स्वतःचं उत्तर लिहू नकोस असं कोण म्हणालं होतं?


सुरसागरकाठी | ८ मार्च, रात्री ११:०६

:( पाणीगेट, मागची सगळी उत्तरं खोडरबरने पुसून टाक. पेन्सिलनेच आहेत.